घडीचा फोन

घडीचा फोन घ्यावा की नाही, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, मध्ये बसून पेपर वाचायचे आणि आमचा आवाज चढला की पान उलटायचे.

आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा, न्हाणीघरातली पार्टिशनं. अण्णांनी ते सुरू केलं, नवऱ्याने वाढवलं. मापं घेणं आणि गिऱ्हाइकांची कटकट ऐकणं हे माझ्याकडे. पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली, तिला आम्ही कारखाना म्हणतो. तिथे कापायचं टेबल आहे आणि एक कारागीर आहे. त्याला सगळे सिलिकॉन म्हणतात, कारण काचा चिकटवायच्या त्या गोंदासारखा एकदा कुणाच्या शेजारी बसला की सुटत नाही.

"गिऱ्हाइकाला डिझाइनं दाखवायची तर मोठा स्क्रीन लागतो," नवरा म्हणायचा. "हा फोन खिशात मावतो आणि उघडला की वहीएवढा होतो. म्हणजे दोन वस्तू एकात."

"मग टॅब्लेट घे. चौथ्या हिश्शात येईल."

"टॅब्लेट खिशात घालून दाखव बघू."

"खिशात कशाला घालायला हवा? दुकानात ठेव ना टेबलावर. कोण पळवतंय?"

माझं म्हणणं साधं होतं. नव्या जातीची वस्तू पहिल्या वर्षी घेऊ नये. पहिल्या वर्षी कंपनी शिकत असते आणि तिच्या शिकवणीची फी आपल्या खिशातून जाते. दोन वर्षं कळ काढ, तोवर बिजागरी सुधारेल, मधली सुरकुती जाईल, किंमतही उतरेल. शिवाय काच दुमडत नाही. जे दुमडतं ते प्लास्टिक असतं, हे काचवाल्याच्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज पडू नये. पण एकदा डोक्यात खूळ शिरलं की नवऱ्याला माझं बोलणं म्हणजे शेजारच्या घरातला रेडिओ. तो रात्रंदिवस त्या फोनचे व्हिडिओ बघत होता, आणि आपल्या रस्त्यावर हा फोन पहिल्यांदा आपल्याच हातात दिसावा एवढीच त्याची खरी इच्छा होती. ती त्याने कधी बोलून दाखवली नाही. मला न बोलता कळली.

शेवटी त्याने अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "घ्यायचा तर घे. पण मग वापर. कपाटात ठेवू नकोस." झालं, फोनवर शिक्कामोर्तब झालं.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते दुकानात रोज येतात. हिशेब नाही, गिऱ्हाईक नाही, फक्त काम. गोल काच हाताने कापावी तर त्यांनीच. पण गेल्या वर्षापासून त्यांचं थोडं विसरणं सुरू झालं होतं. एकदा न्हाणीघरातला नळ चालू राहिला. एकदा सिलिकॉनला त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या नावाने हाक मारली. ते त्यांच्या मनाला फार लागलं. मी एकटी असताना त्यांनी मला विचारलं होतं, "माझं हल्ली काही चुकतं का गं? खरं सांग."

"सगळ्यांचंच होतं, अण्णा. मी काल मापाची टेप फ्रिजमध्ये ठेवली."

ते हसले. मग आपले दोन्ही पंजे उताणे करून बघत म्हणाले, "डोकं गेलं तरी चालेल. हात आहेत तोवर मी माणसात आहे." हे वाक्य मी ऐकलेलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं. म्हणून पुढे जे झालं त्यात आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

फोन आला त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सिलिकॉन एका बंगल्यावर काच बसवायला गेला होता. आम्ही तिघंच. नवऱ्याने खोकं उघडलं, वरचे कागद न वाचता बाजूला सारले. "आपण बिजागऱ्या बसवणारी माणसं, आपल्याला काय वाचायचंय," म्हणाला. मिटलेला फोन चांगलाच जाड होता, दोन फोन एकमेकांना चिकटवल्यासारखा. मग त्याने दोन्ही हातांनी तो उघडला आणि खरं सांगते, क्षणभर मलाही भुरळ पडली. एवढासा तुकडा उघडतो काय आणि त्यातून एवढा मोठा उजेड बाहेर येतो काय. मधोमध सुरकुती होतीच. नवरा फोन अशा कोनात धरत होता की ती आम्हाला दिसू नये.

"बघा अण्णा, हातात घेऊन बघा."

अण्णांनी चष्मा चढवला. काच धरतात तसा फोन कडांनी धरला, डोळ्यांच्या रेषेत आडवा केला आणि उजेडाकडे तिरपा करून बघितला. काचेवर चरा आहे का हे आमच्याकडे असंच बघतात.

"याची फिल्म राहिलीय," ते म्हणाले. "या कडेला उचललीय बघ."

आता इथे आमच्या धंद्याची एक खोड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर फिल्म असते, चरे पडू नयेत म्हणून चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. आरशावर, स्टीलवर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर. वस्तू बसली की फिल्म त्याच दिवशी काढायची, नाहीतर उन्हाने तिचा गोंद धरून बसतो आणि मग बसा घासत. फिल्म राहिलेली वस्तू दिसली की आमचं नख आपोआप तिच्याखाली जातं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो आणि नव्या फ्रिजवर फिल्म दिसली तरी आम्हाला चैन पडत नाही. एकदा तर नवऱ्याने दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावरची काढली होती. आणि अण्णांची तर त्यात ख्याती. मोठ्यातल्या मोठ्या आरशावरची फिल्म ते एका ओढीत काढायचे, न फाडता, आरसा तसूभर न हलवता. जुनी गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी त्यांना थांबवून घ्यायची.

"अरे हो की," असं म्हणून नवऱ्याने फोन त्यांच्या हातातून घेतला. नख घातलं.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "घट्ट वाटतेय. आधी वाच काही लिहिलंय का."

"फिल्मवर काय लिहिणार?" नवरा म्हणाला आणि त्याने ओढली. एका ओढीत.

स्क्रीनवर एक हिरवी रेघ उमटली. मग अर्धा भाग काळा पडला. उरलेला अर्धा थोडा वेळ फडफडला आणि तोही गेला. नवऱ्याच्या हातात ती पातळ फिल्म लोंबत होती आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. अण्णांनी विचारलं, "काय झालं?" नवऱ्याने फोन मिटला, पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. अण्णांना त्याच रस्त्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून तेही बरोबर होते. पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, काउंटरमागे एक तरुण मुलगी. तिने फोन उघडला, बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"ही फिल्म काढायची नसते," ती हळू आवाजात म्हणाली. "ती स्क्रीनचाच भाग आहे. खोक्यात वरच लिहिलेलं असतं. काढली तर वॉरंटी लागू होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे स्क्रीन नवा घालावा लागेल. खर्च तुमचा." आणि तिने आकडा सांगितला. त्या पैशात आम्हाला कापायचं नवं टेबल आलं असतं.

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मुलगी मनाने चांगली होती. तिने इकडेतिकडे बघितलं, मग मागे खुर्चीवर बसलेल्या अण्णांकडे तिची नजर गेली. "घरातल्या कुणी मोठ्या माणसाने चुकून काढली का?" ती म्हणाली. "तसं असेल तर मी साहेबांना विचारून बघते. आजी-आजोबांकडून अशा गोष्टी होतात. एकदा बदलून देतात ते."

तिने एक दार किलकिलं करून दिलं होतं, आणि नवरा त्यातून आत शिरला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हो ना," तो म्हणाला. "वडिलांनी काढली. वय झालंय. आता त्यांना काय बोलणार?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी ओठांवर. पण तो आकडाही डोळ्यांसमोर होता. मी काउंटरवर ठेवलेल्या रंगीत पत्रकांकडे बघत राहिले. माझी मला किळस आली, तरी मी बघत राहिले.

मुलगी काउंटरच्या बाहेर आली, अण्णांसमोर वाकली आणि बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आजोबा! ती काढायची नसते हं! परत नाही ना काढणार?" रांगेतली दोनचार माणसं हसली. वाईट हसली नाहीत, लहान मुलाकडे बघून हसतात तशी हसली. अण्णांना काहीच कळलं नाही. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. नवरा कुठल्याशा कागदावर सही करण्यात गुंतला होता. मग अण्णा मुलीला म्हणाले, "नाही नाही." ज्या माणसाच्या समोर उभं राहून मोठमोठे ठेकेदार अदबीने बोलायचे, तो माणूस मान हलवून म्हणाला, नाही नाही, परत नाही काढणार. त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

दातांच्या डॉक्टरांकडचं उरकून आम्ही गाडीत बसलो. मग पुढच्या सीटवरून अण्णांनी विचारलं, "मी काढली का रे?"

हा प्रश्न होता. सरळ, स्वच्छ. 'नाही अण्णा, मी काढली आणि तिथे खोटं बोललो,' एवढं म्हणायचं होतं. नवऱ्याने आरशात बघितलं, गिअर बदलला आणि म्हणाला, "जाऊ द्या ना अण्णा. मिळतोय ना बदलून."

"हं," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघू लागले. मी मागे बसले होते. मीही बाहेर बघू लागले.

घरी आल्यावर मात्र मी त्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, "अगं, तिथे पैसे वाचले. अण्णांचं काय बिघडलं त्यात? उद्या विसरतील."

"विसरतील म्हणूनच म्हणतेय."

त्याला ते समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

नवा फोन आला. आता लोक विचारायला लागले. समोरचा सुतार, गल्लीच्या टोकाचा औषधवाला, माल घेऊन येणारा ड्रायव्हर. सगळ्यांचा एकच प्रश्न, घेण्यासारखा आहे का? खरं उत्तर असं होतं की नाही. फोन जड होता, मिटला तरी मध्ये फट राहायची. आमच्या दुकानात काचेची पूड हवेतच असते, ती बिजागरीत जाऊन उघडताना करकर आवाज यायला लागला होता. म्हणून तो दुकानात उघडायचाच नाही असं ठरलं. म्हणजे ज्या गिऱ्हाइकांसाठी घेतला त्यांना डिझाइनं बाहेरच्या चिंचोळ्या स्क्रीनवर दाखवायची आणि घरी गेल्यावर आत बसून एकट्याने उघडून बघायचा. पण हे कोण सांगणार? पहिला फोन तासाभरात आपल्याच नखाने गेला हे तर त्याहून सांगता येण्यासारखं नव्हतं. मग नवरा सांगायचा, "फोन एक नंबर आहे हो! आमच्या अण्णांनी पहिल्याच दिवशी स्क्रीन सोलला, ती गोष्ट वेगळी."

लोक हसायचे आणि फोनची गोष्ट तिथेच राहायची. माणूस हसला की पुढचा प्रश्न विचारत नाही, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. मग तिखटमीठ वाढत गेलं. आधी अण्णांनी चुकून काढली होती. पुढे नवरा नको नको म्हणत असताना काढली. आणखी पुढे दोन्ही हातांनी, जोर लावून. सिलिकॉन तर पोट धरून हसायचा आणि पुन्हा सांगायला लावायचा. आपण घेतलेली वस्तू मूर्खपणाची ठरू नये म्हणून हा माणूस रोज आपल्या बापाला थोडाथोडा मूर्ख ठरवत होता, आणि मला त्याच्याशी लग्न केल्याची लाज वाटत होती. मी का नाही बोलले? चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, हे एक. आणि ते वाचलेले पैसे माझ्याही घरात वाचले होते, हे दुसरं.

अण्णा सुरुवातीला ही गोष्ट चालू झाली की कपाळाला आठ्या घालायचे, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे. नंतर नुसते हसायला लागले. मग एके दिवशी मी दुकानाच्या पायरीवर आले तर अण्णा पेपरवाल्याला सांगत होते, "मला वाटलं फिल्म आहे. कड उचललेली दिसली, घातलं नख आणि ओढली!" हाताने ओढून दाखवत होते. पेपरवाला हसत होता. अण्णाही हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

मी तशीच मागे फिरले. कारखान्यात जाऊन नवऱ्याला सांगितलं, "अरे, ते स्वतःच सांगायला लागलेत."

"मग बरंच की. म्हणजे त्यांना राग नाही."

"त्यांना खरं वाटायला लागलंय!"

"काहीतरीच काय," तो म्हणाला. पण त्याचा हात थांबला होता.

त्यानंतर अण्णांचं वागणं बदललं. रात्री मला विचारायचे, गॅस बंद केलास ना, मी बघितला पण माझं खरं धरू नकोस. टीव्हीचा रिमोट हातात घेईनात. दुकानाची किल्ली त्यांनी आपणहून नवऱ्याकडे दिली. एका हॉटेलवाल्याची गोल टेबलाची काच कापायची होती. अण्णा टेबलापाशी गेले, कटर हातात घेतला, काचेवर वाकले, आणि कटर खाली ठेवून सिलिकॉनला म्हणाले, "तू काप. माझ्याकडून काही भलतंसलतं व्हायचं." मी दारात उभी होते. नवराही होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. सिलिकॉनने कापलेल्या गोलाला एका बाजूला कोपरा आला होता, तो घासून घासून बसवावा लागला.

"आराम हवाच होता त्यांना," नवरा जेवताना म्हणाला. मी त्याच्या ताटात वाढत होते, तिथेच थांबले. त्याने मान खाली घालून भात कालवला.

मग नाचाच्या क्लासचं काम आलं. क्लासच्या बाई आमच्या फार जुन्या. त्यांच्या पहिल्या छोट्या क्लासमधला आरसा अण्णांनी बसवला होता. आता त्यांनी मोठा हॉल घेतला होता आणि एक अख्खी भिंत आरशाची करायची होती. बाईंनी फोनवर बजावून सांगितलं, अण्णांना आणा. अण्णा नाहीच म्हणत होते. मी आग्रह केला. म्हटलं, जुनी जागा, जुनी माणसं, हातांना पुन्हा धीर येईल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दिवसभर काम चाललं. अण्णा स्टुलावर बसून लेव्हल बघत होते, मध्येच "केसभर वर" म्हणत होते आणि ते बरोबर निघत होतं. दुपारनंतर तर ते उठून स्वतः हात लावायला लागले. शेवटचा आरसा बसला. आता फिल्म काढायची. नेहमीसारखं सगळे बाजूला झाले. बाईंच्या मोठ्या विद्यार्थिनी भिंतीला टेकून बघायला उभ्या राहिल्या. अण्णा पुढे गेले, बोटांवर फुंकर मारली आणि पहिल्या आरशाच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"आजोबा, सांभाळून हं!" बाई म्हणाल्या. "फोनसारखा माझा आरसा सोलू नका!"

बाईंच्या मनात काही नव्हतं. ही गोष्ट त्यांना नवऱ्यानेच सांगितली होती, चहा पिताना, हसत हसत. मुली खिदळल्या. सिलिकॉन हसला. आणि माझा नवरा, तोही हसला. सवयीने हसला. समोर एवढी आरशांची रांग, त्यात तो हसताना मला किती वेळा दिसला ते विचारू नका. फिल्मच्या आडून धूसर दिसला, पण दिसला.

अण्णांनी नख काढून घेतलं. हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा धरला. "नको रे बाबा," ते सिलिकॉनला म्हणाले, "तूच काढ. बाईंचं नुकसान नको." आणि हॉलच्या बाहेर जाऊन चपलांच्या फळीशेजारी बसले. सिलिकॉनने फिल्म काढली, पण तिच्या चिंध्या झाल्या. मुली घरी गेल्या तरी आम्ही नखांनी तुकडे काढत होतो.

नवरा माझ्या शेजारच्या आरशावर होता. मी त्याला म्हटलं, "आज सांगायचं. घरी गेल्या गेल्या. तू नाही सांगितलंस तर मी सांगते, आणि नुसतं अण्णांना नाही, या बाईंना, सिलिकॉनला, त्या पेपरवाल्याला, सगळ्यांना सांगते."

त्याने मान वर केली नाही. "सांगतो," म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की माझा राग क्षणभर ओसरला. त्याचा चेहरा आरशात समोरच होता आणि तो स्वतःकडे बघायचं टाळत होता.

घरी आलो. अजून उजेड होता. अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, मी चहा ठेवला. नवरा त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची घडी सारखी करत राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "फोनची फिल्म तुम्ही नव्हती काढली. मी काढली होती."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही उलट म्हणाला होतात, सावकाश, आधी वाच. मी ऐकलं नाही. मग तिथे सर्व्हिस सेंटरवर पैसे वाचवायला तुमचं नाव सांगितलं. आणि नंतर सगळ्यांना तेच सांगत सुटलो." त्याने मेणकापड सोडलं. "मला माफ करा."

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. मला वाटलं, आता अण्णा चिडतील. एक थोबाडीत देतील. द्यावी, असंच मला वाटत होतं. आम्हा दोघांनाही द्यावी.

अण्णा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे हसले.

"वेडा आहेस," ते म्हणाले. "अरे, मला आठवतंय ना. अजून डोळ्यांसमोर आहे. कड उचललेली, मी नख घातलं, हिरवी रेघ आली."

"नख मी घातलं, अण्णा."

"पुरे." अण्णांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "आज त्या मुली हसल्या, ते तुला लागलं. मी बघितला तुझा चेहरा बाहेर येताना. म्हणून आता माझा दोष आपल्या अंगावर घ्यायला निघालास."

"अण्णा, मी खरं सांगतोय हो!" नवरा जवळजवळ ओरडला.

मी वळले. म्हटलं, "अण्णा, मी तिथेच होते. मी डोळ्यांनी बघितलंय. यानेच काढली. मीसुद्धा गप्प बसले."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "दोघं ठरवून आलात होय?" ते म्हणाले. "मला वाटत होतं, आता मी अडगळ झालो तुम्हाला. लोकांसमोर माझं हसं करतोस म्हणून तुझा मनात रागसुद्धा धरला होता मी, खोटं कशाला सांगू. आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला बसलात." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "अशी मुलं मिळायला नशीब लागतं रे. आता खुशाल विसरेन मी. काळजी नाही."

नवऱ्याने टेबलावर डोकं टेकलं. तो रडत होता, आणि अण्णा त्याची पाठ थोपटत म्हणत होते, उगी, एका फोनचं काय एवढं.

चहा उकळून वर आला. मी गॅस बंद केला आणि भांडं टेबलावर आणून ठेवलं. कप अण्णांच्या पुढ्यातच होते. त्यांनी भांड्याच्या दांड्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला.

"तू ओत," ते मला म्हणाले. "माझा काही भरवसा नाही."

मी तीन कप ओतले.